माळावरचे खोकड

शिरूर घोडनदीच्या काठी, दौंड भीमेच्या काठी. या दोन गावांच्या आसपास जो कोरडा, उघडा माळ पसरलेला असे, त्याला दप्तरात 'पड' म्हणत. जिच्यातून पीक नाही ती पड, हा झाला साऱ्याचा हिशेब. पण त्या पडीवरही एक वस्ती होती. तिची नोंद तलाठ्याच्या दप्तरात नाही. ती दुसरीकडेच सापडते.

विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला मुंबई सरकारने 1824 साली दख्खनची आकडेवारी गोळा करण्याच्या कामी नेमले. माणसे, पिके, बाजारभाव यांबरोबर त्याने पशुपक्षीही टिपले. 1831 साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात त्याची दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी आली. तीत लांडगा आहे, कोळसून आहे, आणि 'कॅनिस कोक्री' या नावाचा एक लहानसा प्राणी आहे. हे कोक्री म्हणजे आपले खोकड.

हा मराठी शब्द साहेबाला कोणीतरी सांगितलाच असला पाहिजे. तो धनगर असेल, पारधी असेल किंवा छावणीतला एखादा शिकारी. शब्द लंडनला पोहोचला, सांगणारा मागेच राहिला. कामगारांत वावरलेल्या आम्हांस याचे नवल वाटत नाही. वाड्यावर धन्याचे नाव असते, गवंड्याचे नसते.

पुढे तो शब्दही मागे पडला. शॉ नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1800 सालीच या प्राण्याला बंगालवरून नाव दिले होते, आणि आधीचे नाव ग्राह्य हा शास्त्राचा नियम. म्हणून आपले खोकड जगात 'व्हल्पीस बेंगालेन्सिस' म्हणून ओळखले जाते.

पुष्कळ लोक खोकडाला कोल्हा समजतात. कोल्हा चांगला आठ-दहा किलोंचा. खोकड दोन-तीन किलोंचे, काडीसारख्या पायांचे. त्याची शेपटी लांब, झुपकेदार, आणि टोकाला काळी. हा काळा गोंडा पाहिला की ओळख पटली. ते भारतीय उपखंडाबाहेर कोठेही आढळत नाही.

त्याचा दिवस बिळात जातो. बीळ उघड्या माळावर, आणि त्याला वाटा अनेक. एका तोंडाशी शत्रू आला तर दुसरीकडून निघता यावे. सांज झाली की ते भक्ष्याला निघते. उंदीर, टोळ, भुंगे, वाळवी, सरडे, आणि हंगामात बोरेसुद्धा त्याला चालतात. जो उंदीर शेतकऱ्याचे धान्य खातो, त्याला खोकड खाते. मजुरी न घेता राखण करणारा असा गडी कोणाला नको? मेंढरू मारण्याची त्याची ताकदच नाही. नर-मादी जोडीने राहतात, आणि दोघेही पिल्लांना भक्ष्य आणून घालतात.

मग माळ बदलला. कालव्याचे पाणी आले, ऊस उभा राहिला, रांजणगाव व कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती झाल्या. आम्ही याविरुद्ध बोलणार नाही. त्या कारखान्यांवर हजारो घरांच्या चुली पेटतात. पण वस्तीबरोबर उष्टेखरकटे वाढले, आणि त्यावर मोकाट कुत्री. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर या शतकात अभ्यासकांनी खोकडांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधून त्यांचा माग घेतला. खोकड शेतापेक्षा गवताळ माळच पसंत करते, आणि कुत्रा दिसला की चरणे सोडून दूर होते, असे त्यांना आढळले. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोगही खोकडाला होतो व त्याने ते मरते.

1972 च्या वन्यजीव कायद्याखाली खोकडाला संरक्षण आहे. दौंडच्या नैर्ऋत्येस सुपे येथे 1997 साली मयूरेश्वर अभयारण्य झाले. पण त्याचे क्षेत्र सुमारे 5 चौरस किलोमीटर. बाकीचा माळ आपल्या हाती आहे. त्यासाठी मोर्चा नको की वर्गणी नको. वसाहतीतले खरकटे उघड्यावर पडू नये, कुत्र्यांना लस टोचली जावी, आणि गावाचे गायरान विकण्याचा ठराव ग्रामसभेत आला तर चार जणांनी उठून विचारावे, 'या पडीवर कोण राहते?'

खोकडाची पिल्ले माघ ते चैत्र या काळात जन्मतात. आपण येथे वसंतातली व्याख्याने ऐकत बसलो आहोत, तेव्हा कोठल्यातरी माळावर ती बिळाच्या तोंडाशी आली असतील. त्यांना तेवढी जागा राहू द्या.