खोट्या धबधब्याची खरी गोष्ट

२०१४ साली फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डच्या पॉलिनेशियन रिसॉर्टमधला लॉबीतला धबधबा काढून टाकला. धबधबा म्हणजे खोटाच हो! पंपाने पाणी वर न्यायचं, दगडांवरून खाली सोडायचं, भोवती केळी आणि ताडासारखी झाडं. पण हॉटेल उघडलं १ ऑक्टोबर १९७१ ला आणि तेव्हापासून तो तिथे होता. ४० वर्षांहून जास्त काळ लोक आत शिरले की आधी तो ओला, दमट वास यायचा आणि पाण्याचा आवाज. त्याच्या जागी एक छोटं कारंजं आलं, बसायला सोफे आले, उजेड आला. नेहमी येणारे लोक मात्र घरातलं कुणी गेल्यासारखे हळहळले.

ऑनसाइटला गेलेला मराठी इंजिनिअर एकदा तरी ऑरलँडोची ट्रिप करतोच, त्यामुळे हे हॉटेल निदान मोनोरेलमधून पाहिलेले बरेच जण असतील. प्रश्न असा, की जी गोष्ट पहिल्या दिवसापासून नकली होती तिचं रूप बदललं तर नक्की काय हरवतं? उत्तरासाठी जरा मागे जावं लागेल.

अमेरिकेतली दारूबंदी डिसेंबर १९३३ मध्ये उठली. त्याच सुमारास अर्नेस्ट गँट नावाच्या एका भटक्या माणसाने हॉलिवुडमध्ये एक चिमुकला बार काढला. बांबू, चटया, जुनी जाळी असा समुद्रकिनाऱ्यावरून गोळा केलेला माल भिंतींना लावला आणि नाव दिलं 'डॉन द बीचकोंबर'. पुढे गड्याने स्वतःचंच नाव बदलून डॉन बीच करून घेतलं. रम स्वस्त होती म्हणून रम. जेवण कँटनीज पद्धतीचं, म्हणजे चिनी! पॉलिनेशियाशी त्याचा संबंध नावापुरताच. असं सांगतात की गिऱ्हाईक उठायला लागलं की तो छपराच्या पत्र्यावर पाणी सोडायचा. पाऊस पडतोय असं वाटून लोक अजून एक ग्लास मागवायचे. धंद्याचं डोकं बघा :)

त्याची एक सवय आपल्या लोकांना फार जवळची वाटेल. कृती चोरीला जाऊ नये म्हणून तो त्या सांकेतिक भाषेत लिहायचा. बारटेंडरला दिसायचं 'डॉन्स मिक्स', त्यात काय आहे ते ठाऊक नाही. ऑब्फस्केटेड कोडच म्हणा ना! परिणाम तोच झाला जो आपल्याकडे होतो. मूळ लेखक गेला, डॉक्युमेंटेशन नाही, आणि 'झोंबी' नावाच्या त्याच्या प्रसिद्ध पेयाच्या नावाखाली जगभर काहीही विकलं जायला लागलं. जेफ बेरी नावाच्या गृहस्थांनी जुने बारटेंडर आणि वेटर शोधून, त्यांच्या वह्या चाळून ते कोडं सोडवलं आणि २००७ मध्ये पुस्तकात छापलं. हे बारटेंडर बरेचसे फिलिपिनो होते. त्यांच्यापैकी रे बुहेन यांनी १९६१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये 'टिकी-टी' हा स्वतःचा इवलासा बार काढला आणि तो त्यांच्या कुटुंबाने पुढे चालवला. सजावट मालकाची, पण चव या लोकांच्या हातात होती, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

डॉनचं बघून ओकलंडच्या व्हिक्टर बर्जेरॉनने 'ट्रेडर व्हिक्स' काढलं. 'माय ताय' हे पेय १९४४ चं, त्याच्याच नावावर. मग दुसरं महायुद्ध संपलं, पॅसिफिकमध्ये लढलेले सैनिक घरी परतले, मिचनरच्या पुस्तकावरून 'साउथ पॅसिफिक' हे संगीत नाटक १९४९ मध्ये आलं, १९५९ मध्ये हवाई राज्य झालं. टिकीची लाटच आली. ट्रेडर व्हिक्स मोठमोठ्या हॉटेलांमध्ये गेलं.

डिस्नेने पॉलिनेशियन उघडलं तेव्हा ही लाट ओसरत होती. खोल्या दुसरीकडे पूर्ण तयार करून आणून जागेवर बसवल्या होत्या, ते काम यू. एस. स्टीलचं. म्हणजे गवताच्या झोपडीचा आव आणि आत स्टीलची प्रीफॅब पेटी! तरी ते जमलं. जॉन लेननने २९ डिसेंबर १९७४ ला बीटल्स संपवणाऱ्या कागदांवर सही केली तीही याच हॉटेलात.

आणि बदल म्हणाल तर तिथे सतत होत आलेत. 'पपीते बे व्हरांडा' हे मोठं रेस्टॉरंट १९९५ मध्ये 'ओहाना' झालं. मेन्यूवरून मागवण्याऐवजी सगळ्या टेबलाला एकच जेवण, मधोमध मोठी शेकोटी, सळ्यांवर भाजलेलं मांस, हवं तेवढं खा. 'कोरल आयल कॅफे' १९९८ मध्ये 'कोना कॅफे' झाला. पण 'टोंगा टोस्ट' तसाच राहिला. जाड पावात केळं भरून तळायचा आणि दालचिनी-साखरेत घोळवायचा. मजा म्हणजे १९९५ मधला बदल आजच्या चाहत्यांना बदल वाटतच नाही. त्यांच्या दृष्टीने ओहाना हेच मूळ. म्हणून 'जुनं तेच खरं' हा युक्तिवाद मला पटत नाही. प्रत्येक पिढीचं 'जुनं' वेगळं असतं.

मला खुपते ती वेगळी गोष्ट. याच डिस्ने वर्ल्डमधल्या ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलात 'मायझनर्स' नावाचा लाउंज होता. ॲडिसन मायझनर हा फ्लोरिडाचा आर्किटेक्ट, पाम बीचला स्पॅनिश वळणाची घरं बांधणारा. २०१९ मध्ये तिथे 'एन्चँटेड रोझ' आला, 'ब्युटी अँड द बीस्ट'च्या थीमवर. शेजारचं 'सिट्रिकोज' २०२१ मध्ये मेरी पॉपिन्सच्या सिनेमावर बेतलं. त्याच वर्षी पॉलिनेशियनच्या खोल्यांमध्ये 'मोआना' आली. आता मोआना काही वाईट सिनेमा नाही. पण आधी थीमला बाहेरचा काहीतरी संदर्भ होता, बरावाईट, अर्धवट का होईना. एखादा आर्किटेक्ट, एखादं बेट. गिऱ्हाईक विचारू शकायचं, "हा मायझनर कोण बुवा?" आता संदर्भ कंपनीच्याच सिनेमाचा. वर्तुळ पूर्ण आणि बाहेर जायला दार नाही.

दुसरी बाजूही आहे आणि ती कमजोर नाही. कुणाच्या तरी देवांच्या मूर्तींचे दारू प्यायचे मग बनवायचे, याला काय 'वारसा' म्हणायचं? पॅसिफिक बेटांवरच्या लोकांनी यावर आक्षेप घेतलेत आणि ते मला योग्य वाटतात. विचार करा, आपल्या ग्रामदेवतेचा पेला करून कुणी स्ट्रॉ खोचली तर! तेव्हा काही गोष्टी बदलायलाच हव्यात. शिवाय घरात धबधबा ठेवायचा म्हणजे ओल, गळती, रोजची देखभाल. इंजिनिअर म्हणून मला त्या मेंटेनन्सवाल्यांची कीव येते.

मात्र डिस्नेला जुन्याची किंमत कळत नाही असंही नाही. तिथल्या 'टिकी रूम'चा खेळ १९९८ मध्ये बदलला होता. जानेवारी २०११ मध्ये आग लागली आणि ऑगस्टमध्ये जुनाच खेळ, थोडा छोटा करून, परत आला. आणि धबधबा काढला त्याच नूतनीकरणात, एका व्हिडिओ गेम्सच्या खोलीच्या जागी २०१५ मध्ये 'ट्रेडर सॅम्स' हा बार उघडला. अंधारा, गच्च भरलेला, ठरावीक पेय मागवलं की ज्वालामुखी पेटवणारा. १९५० च्या काळातल्या टिकी बारची हुबेहूब आठवण! एका हाताने काढलं आणि दुसऱ्या हाताने विकलं. पण लॉबीतला धबधबा फुकट होता, इथे बसायचं तर ग्लास मागवावा लागतो.

त्याच फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलला 'माय-काय' आहे, १९५६ चं. त्याची पेयं बसवली मारियानो लिकुडीन या फिलिपिनो बारटेंडरने, जो आधी डॉन द बीचकोंबरच्या शिकागोच्या शाखेत होता. ऑक्टोबर २०२० मध्ये मुसळधार पावसात स्वयंपाकघराचं छत कोसळलं आणि ते बंद पडलं. डॉन बीच खोटा पाऊस पाडायचा, इथे खऱ्याने घात केला. नवे भागीदार आले. जागा मोक्याची, पाडून टॉवर बांधता आला असता. त्यांनी स्वयंपाकघर नव्याने बांधलं, बसायच्या जुन्या खोल्या दुरुस्त केल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये दार उघडलं. चार वर्षं लागली. लिकुडीनची पेयं मेन्यूवर परत आली.