पाटी ‘इंडियन’, चूल सिल्हेटची

लंडनमध्ये ‘इंडियन रेस्टॉरंट’ अशी पाटी दिसली की आपल्याला वाटतं, गल्ल्यावर कुणीतरी पंजाबी काका असणार. पण कित्येक दशकं यातल्या बहुतांश हॉटेलांचे मालक होते बांगलादेशी. आणि त्यातलेही बहुतेक एकाच भागातले, सिल्हेटचे.

तसा पहिला प्रयत्न पाटण्याच्या शेख दीन महोमेदचा. त्याने १८१० मध्ये लंडनला ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ काढलं आणि १८१२ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. असो.

सिल्हेटची माणसं आली ती वेगळ्याच वाटेने. कोलकात्याला यायचं आणि ब्रिटिश आगबोटीवर चढायचं. काम काय, तर तळाशी बॉयलरमध्ये कोळसा ओतायचा. अंग भाजून निघायचं, पगार गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी. मग बोट लंडनच्या गोदीला लागली की काही जण गुपचूप पसार व्हायचे. शहरात कुणी भांडी घासली, कुणी कांदे चिरले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्यातल्या काहींनी जुनी कॅफे आणि फिश-अँड-चिप्सची दुकानं घेतली. चिप्स चालूच ठेवल्या, शेजारी करी-भात मांडला. पब बंद झाल्यावर भुकेलेली मंडळी इथे यायची. तिथूनच तर चटक लागली!

आता गंमत बघा. मेन्यूतले पदार्थ सिल्हेटचे नव्हतेच. कोर्मा म्हणजे सौम्य, मद्रास म्हणजे तिखट, विंदालू म्हणजे जाळ. आपल्या गोव्यातलं विंदालू खरं तर व्हिनेगर-लसणाचं, पोर्तुगिजांकडून आलेलं. तिकडे ते नुसतं तिखटाचं माप झालं, आणि काही ठिकाणी नावात ‘आलू’ ऐकू येतो म्हणून त्यात चक्क बटाटा पडला!

मग मालक आणि आचारी स्वतः काय जेवायचे? मासे-भात, सुकट घातलेलं कालवण, शातकोरा नावाच्या जाड सालीच्या लिंबाबरोबर शिजवलेलं मांस. हे सगळं आतल्या बाजूला. गिऱ्हाइकाला सुकटीचा वास सोसेल का, ही धास्ती. आणि ती मुंबईत भाड्याने राहणाऱ्या आपल्या कोळी-मालवणी पोरांना वेगळी समजावून सांगायला नको.

२००१ मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाल्याला खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ म्हटलं. शातकोऱ्याचं नाव कुणी घेतलं नाही. तो मिळतो, पूर्व लंडनच्या ब्रिक लेनवर, बांगलादेशी वाण्याच्या दुकानात.