दिनविशेष : २१ डिसेंबर
२०१७ : पाच धावांची धाकधूक

यवतमाळसह अकरा जिल्ह्यांच्या विदर्भ संघाने कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्यात आठ वेळच्या विजेत्या कर्नाटकला पाच धावांनी धक्का दिला. १९८ धावांचा पाठलाग करणारा कर्नाटक शेवटच्या सकाळी ७ बाद १११ वर होता. सामना संपला म्हणावे, तोच कर्नाटकचे विनयकुमार, मिथुन आणि गोपाळ अडून बसले. एकेका धावेसरशी विदर्भाच्या चाहत्यांचा जीव टांगणीला! अखेर १९२ वर डाव आटोपला. गोपाळ २४ धावांवर नाबाद राहिला. स्थापत्य अभियंता असलेल्या विदर्भाच्या रजनीश गुरबाणीने सामन्यात १२ बळी घेतले. कर्णधार फैज फझलच्या संघाने प्रथमच अंतिम फेरी गाठली आणि १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरमध्ये दिल्लीला नमवून करंडकही जिंकला.