खेळाची शाळा : ब्लांकेनबुर्ग ते कोसबाड



लहान मुलांच्या खेळाच्या शाळांवर सरकारनं बंदी घातली असं कुणी सांगितलं, तर आपल्याला हसू येईल. पण तसं घडलेलं आहे. १८५१ साली प्रशियाच्या सरकारनं राज्यातली किंडरगार्टनं बंद करण्याचा हुकूम काढला. आरोप नास्तिकपणाचा आणि समाजवादाचा! खरी गंमत अशी की, सरकारला खुपलेली पुस्तिका होती पुतण्या कार्ल फ्रोबेल यांची, आणि शिक्षा झाली चुलते फ्रीड्रिख फ्रोबेल यांच्या शाळांना. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारले. बंदी उठली ती १८६० साली.

या गृहस्थांनी असं केलं होतं तरी काय? १८३७ साली जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्ग गावी त्यांनी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं. हातात पाटी-पुस्तक नाही. चेंडू, लाकडी ठोकळे, गाणी आणि बागकाम. अभ्यास संपल्यावरची करमणूक म्हणजे खेळ, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. लहान मूल शिकतं ते खेळातूनच, असं त्यांचं सांगणं होतं.

पुढे १९०७ साली मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये बालगृह काढलं. त्यांची पद्धत निराळी. पण मुलाच्या आतल्या ओढीवरचा विश्वास तोच. त्या विचारानं भारून गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं. आपल्या ताराबाई मोडक तिथंच त्यांच्या सहकारी झाल्या.

पण ही शहरातली गोष्ट झाली. खेड्यातल्या गरिबाच्या पोरानं काय करायचं? १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. महागडी साधनं खेड्याला कुठली परवडणार? मग शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं झाली. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात भरू लागली. ‘अंगणवाडी’ ती हीच! १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेतली केंद्रंही याच नावानं ओळखली जातात.

१९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जात. तेव्हा शिक्षकही कुरणात गेले आणि ‘कुरणशाळा’ उभी राहिली. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुलींसाठी शाळेजवळच पाळणाघर आलं. मुलाचं जगणं जिथं आहे तिथं शाळेनं जावं, हा त्या कामाचा खरा धडा.

आता थोडं मनाविषयी. चार मुलं लगोरी मांडतात, तेव्हा गडी वाटणं, नियम ठरवणं, भांडणं आणि पुन्हा एक होणं, हे सगळं त्यांचं तीच करतात. भातुकलीत एखादी मुलगी बाहुलीला सुई टोचते आणि ‘रडू नको हं’ म्हणून समजावते. दवाखान्यात तिला वाटलेली भीती ती अशी हळूहळू पचवत असते. हे काम आपल्या उपदेशानं होत नाही. मात्र खेळ तिनं मांडलेला हवा आणि मोडायची मुभाही तिलाच हवी. शिट्टीवर चालते ती कवायत. ती चांगलीच, पण तिला मुक्त खेळ म्हणता येणार नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ सालच्या बालहक्क करारात खेळ हा मुलाचा हक्क मानला आहे, आणि १९९२ मध्ये भारतानं तो करार स्वीकारला. तरीही साडेतीन वर्षांच्या पोराचं बोट धरून अक्षरं गिरवून घेण्याची घाई आपल्याला सुटत नाही. प्रशियाच्या सरकारनं निदान हुकूम तरी काढला होता; आपण न बोलताच खेळ बंद करतो.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना आणि पालकांना एवढंच सांगणं : रोज थोडा वेळ मुलाला पूर्णपणे त्याचा द्या. जागा सुरक्षित आहे ना एवढं पाहा, माती-पाणी-खडे हाताशी असू द्या आणि बाजूला बसा. ‘काय शिकलास?’ म्हणून लगेच विचारू नका. ते काय करतंय ते नुसतं पाहा; त्या मुलाविषयी पुष्कळ काही कळेल.