अन्नतपासणी आणि सरकारी अनुदान

भाजीवरील कीटकनाशकाचा अंश किंवा मसाल्यातील शिसे ग्राहकाला डोळ्यांनी ओळखता येत नाही. ते शोधते प्रयोगशाळा. आणि तिचा अहवाल कायद्याच्या कसोटीवर टिकला, तरच दोषींवर कारवाई होऊ शकते. म्हणूनच प्रयोगशाळांना मिळणाऱ्या सरकारी अनुदानाशी प्रत्येक घराचा संबंध आहे.

कायदा काय सांगतो?

'अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६' हा ५ ऑगस्ट २०११ पासून देशभर लागू झाला. या कायद्यानुसार अन्न सुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग करतो. अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल देणे अपेक्षित असते. त्यावर अपील झाल्यास नमुना संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठविता येतो. प्रयोगशाळेला 'एनएबीएल'सारख्या संस्थेची अधिस्वीकृती आणि अन्न प्राधिकरणाची मान्यता असावी, असे कलम ४३ सांगते.

२०१५ चा धडा

या अटीचे महत्त्व 'मॅगी' प्रकरणात दिसले. जून २०१५ मध्ये प्राधिकरणाने शिशाच्या प्रमाणावरून या नूडल्सवर बंदी घातली. १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कंपनीला बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांचा आधार घेतला गेला, त्या कायद्याच्या निकषांत बसत नव्हत्या, ही त्यामागील प्रमुख कारणे होती. न्यायालयाने तीन अधिस्वीकृत प्रयोगशाळांत फेरतपासणीचा आदेश दिला.

अनुदान कशासाठी?

केंद्राने २०१६-१७ पासून सुमारे ४८२ कोटी रुपयांची योजना हाती घेतली. राज्यांच्या ४५ आणि १४ संदर्भ प्रयोगशाळा अधिस्वीकृतीस पात्र करणे, तसेच ६२ फिरत्या प्रयोगशाळा सुरू करणे ही तिची उद्दिष्टे होती. जड धातू, कीटकनाशके व प्रतिजैविकांचे अंश मोजणाऱ्या महागड्या उपकरणांसाठी त्यातून साहाय्य देण्यात आले.

अन्नप्रक्रिया मंत्रालयाच्या योजनेचे निकष वेगळे होते. सरकारी संस्था व विद्यापीठांना प्रयोगशाळेच्या उपकरणांचा संपूर्ण खर्च, तर खासगी संस्थांना सर्वसाधारण भागात ५० टक्के व दुर्गम भागात ७० टक्के अनुदान, असे त्याचे स्वरूप होते. संशोधन प्रकल्पांनाही या मंत्रालयाने साहाय्य दिले.

केवळ यंत्रे पुरेशी नाहीत

उपकरणांसाठी केंद्राचा पैसा आला, तरी अन्न विश्लेषकाची नेमणूक राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्तांनी करावयाची असते. पद रिक्त राहिले, रसायनांचा पुरवठा खंडित झाला किंवा अधिस्वीकृतीचे वेळेवर नूतनीकरण झाले नाही, तर कोट्यवधींचे यंत्र असूनही अहवाल कुचकामी ठरू शकतो. अनुदानाचे यश खरेदीच्या पावत्यांवर नव्हे, तर टिकणाऱ्या अहवालांवर मोजले पाहिजे.

ग्राहकाचा हक्क

कलम ४० नुसार सामान्य ग्राहकही शुल्क भरून अन्नाची तपासणी करून घेऊ शकतो. मात्र खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला तशी कल्पना द्यावी लागते. पदार्थ निकषांत न बसल्यास शुल्क परत मिळण्याचा हक्कही कायद्याने दिला आहे.