शेऱ्यापासून केस स्टडीपर्यंत

मोरगाव, तरडोली, मुर्टी, लोणी भापकर. बारामती तालुक्याच्या या पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत मुख्याध्यापकांचं कपाट उघडलं, की दोन वह्या हमखास सापडतात: शेरेबुक आणि लॉगबुक. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी आले की शेरेबुकात लिहून जातात. लॉगबुकात मुख्याध्यापक सहकाऱ्यांच्या पाठांची नोंद ठेवतात. भाषा साधारण ठरलेली असते. फलकलेखन सुवाच्य, विद्यार्थ्यांचा सहभाग समाधानकारक, अप्रगत विद्यार्थ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. खाली सही आणि तारीख. वर्गात त्या तासाला नेमकं काय घडलं, प्रश्न कोणी विचारला, मागच्या रांगेतली मुलं काय करत होती, बाईंनी धड्यातलं काय गाळलं आणि का, हे या ओळींतून कळत नाही. ते कळण्याची त्या वह्यांकडून अपेक्षाही नसते.

एकाच शाळेत, एकाच वर्गात ठाण मांडून अभ्यासक्रम प्रत्यक्षात कसा शिकवला जातो हे टिपायचं, याला संशोधक केस स्टडी म्हणतात. आपल्याकडे तिचा मागोवा घ्यायचा तर या वह्यांपासूनच सुरुवात करावी लागते. कारण आपल्या शाळांकडे बाहेरच्या माणसाची पहिली नजर गेली ती तपासणीची होती.

1820च्या दशकात मुंबई सरकारने कलेक्टरांकडून गावठी शाळांची माहिती मागवली. शाळा किती, मुलं किती, शिकवतात काय, पंतोजींना मिळतं काय. रा. वि. परुळेकरांनी पुढे हे कागद संपादित केले, म्हणून ते आज वाचता येतात. 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. फुले घराण्याचं खानवडी मोरगावच्या शेजारच्याच, पुरंदर तालुक्यात आहे. खेड्यातल्या प्राथमिक शाळेत शेतीचं शिक्षण हवं, त्यासाठी छोट्या नमुना शेतांची जोड हवी, शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, असं त्यांनी मांडलं. हा काही शास्त्रीय अभ्यास नव्हे. पण अभ्यासक्रम खेड्यात पोचला की त्याचं काय होतं, हे ते जवळून पाहिलेला माणूस बोलत होता.

गावाचा अभ्यास गावात बसून करायचा, ही रीत पुणे जिल्ह्यात आणली ती शेतीवाल्यांनी. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांबरोबर पिंपळे सौदागर हे एकच गाव घेतलं; जमिनीचे तुकडे, कर्ज, मजुरी, सगळं मोजलं आणि 1917 साली ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ छापलं. दुसरा अभ्यास जातेगाव बुद्रुकचा, 1921 साली. त्याच पिंपळे सौदागरात आज टॉवर उभे आहेत. मान यांची आकडेवारी नसती तर तिथली शेती कशी होती हे सांगायला फारसं काही उरलं नसतं.

हीच शिस्त 1930 साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत पक्की झाली आणि तिथून शाळेत शिरली. धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांचं सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षणावरचं पुस्तक 1955 साली आलं. त्यातला एक प्रश्न आजही झोंबणारा आहे: शाळा सोडून काही वर्षं झालेली माणसं शिकलेलं वाचन टिकवून आहेत का, की पुन्हा निरक्षर झाली? हे पुस्तक संख्येचं आहे. किती जण विसरले ते त्यातून कळतं. ही माणसं शिकली त्या वर्गात शिकवलं कसं जात होतं, म्हणजे विसरण्याची सोय तिथेच झाली होती का, हे संख्येला विचारता येत नाही.

ते विचारण्याची वेळ इंग्लंड-अमेरिकेत 1960च्या दशकाअखेर आली. इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी 1967 साली ह्युमॅनिटीज करिक्युलम प्रोजेक्ट सुरू केला. सगळ्या शाळांना साहित्य तेच, शिक्षकाला सूचनाही त्याच. तरी एका शाळेत तो रुजला आणि दुसरीत कोसळला. मूल्यमापन करणाऱ्या बॅरी मॅक्डोनल्ड यांच्या लक्षात आलं की सरासरी काढली तर दोन्ही शाळा हरवतात. म्हणून एकेक शाळा सुटी घ्यायची, तिथे राहायचं, सगळ्यांशी बोलायचं आणि लिहायचं. अमेरिकेत रॉबर्ट स्टेक आणि जॅक ईझ्ली यांनी अकरा ठिकाणच्या शाळांमध्ये निरीक्षक बसवले आणि 1978 साली विज्ञान शिक्षणावरच्या केस स्टडी प्रसिद्ध केल्या. त्यांतून दिसलं ते असं: राष्ट्रीय पातळीवरच्या भारी सुधारणा वर्गात जेमतेम पोचल्या होत्या. तिथे राज्य चालत होतं ते शिक्षकाचं आणि पाठ्यपुस्तकाचं.

या मंडळींनी घालून दिलेली एक रीत मला पद्धतीपेक्षाही मोलाची वाटते. ज्याच्याविषयी लिहिलं, त्याला मजकूर आधी दाखवायचा. त्याची हरकत ऐकायची, गरज पडली तर बदलायचं. नावं बदलून भागत नाही. दोनशिक्षकी शाळेत ‘एक शिक्षिका’ म्हटलं, तरी कोण ते अख्ख्या केंद्राला कळतं.

आपल्याकडे ही वाट आली ती मात्र बी.एड., एम.एड.च्या प्रात्यक्षिकातून, आणि येताना मानसशास्त्राच्या दवाखान्यातून आली. त्यामुळे आमच्या केस स्टडीतलं मूल बहुधा ‘समस्याग्रस्त’ असतं, कारण ‘पालकांचे दुर्लक्ष’ असतं आणि उपाय ‘समुपदेशन’. गेल्या वर्षीची फाईल झेरॉक्सच्या दुकानात मिळाली की काम भागतं. अभ्यासक्रम नीट आहे का, शिकवणं जमतंय का, हा प्रश्न त्या फाईलीत कुणी विचारलेला मला अजून दिसायचाय.

खरी उदाहरणं फाईलीबाहेर आहेत. बारामतीहून नीरा ओलांडली की फलटण. मॅक्सीन बर्नसन या भाषाशास्त्रज्ञ तिथे लोकांच्या बोलीचा अभ्यास करायला आल्या. जन्माने अमेरिकन, 1978 साली त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. कोण माणूस कशी मराठी बोलतो, हे गावात बसून टिपणारी बाई शेजारच्या वस्तीतल्या मुलांच्या वाचनाकडे वळली, यात मला नवल वाटत नाही. 1984 साली प्रगत शिक्षण संस्था आणि 1986 साली कमला निंबकर बालभवन उभं राहिलं. तिथल्या वाचनाच्या पद्धतीत अख्खी मुळाक्षरं आधी घोकत बसत नाहीत. थोडी अक्षरं आणि एखाद-दुसरी मात्रा बरोबरच घेतात, म्हणजे मूल पहिल्याच टप्प्यात शब्द आणि वाक्य वाचू लागतं. मूल कुठे अडखळतं ते रोज बघितल्याशिवाय असली क्रमवारी सुचत नाही.

दुसरं उदाहरण पालघरच्या वाडा तालुक्यातलं. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी वाडा आणि कर्नाटकातलं यादगीर इथे काही वर्षं पहिली ते तिसरीच्या मुलांचा माग ठेवला. वाड्यात नीलेश निमकर यांची क्वेस्ट ही संस्था सोबत होती. नुसती चाचणी नव्हे. वर्गनिरीक्षण, शिक्षकांच्या मुलाखती, पाठ्यपुस्तकांची छाननी, सगळं एकत्र. अहवाल 2017 साली आला. त्याचं सांगणं असं: वर्गातला बराच वेळ अक्षरं गिरवण्यात आणि फळ्यावरचं उतरवून घेण्यात जातो, अर्थाची वेळ येतच नाही, आणि तिसरी संपली तरी अनेक मुलांना साधा उताराही वाचता येत नाही. शेरेबुकात याच वर्गाला ‘समाधानकारक’ मिळालं असतं, कारण वह्या भरलेल्या होत्या.

साताऱ्याच्या कुमठे बीटची गोष्ट मात्र वेगळ्या वळणावर गेली. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी तिथल्या शिक्षकांना घेऊन ज्ञानरचनावादी पद्धतीने शाळा बदलल्या. 2015 साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि राज्यभरातले शिक्षक कुमठ्याला जाऊन आले. उत्साह खरा होता. पण परतताना अनेकांच्या मोबाईलमध्ये फरशीवर रंगवलेल्या आकृत्यांचे फोटो होते. तिथल्या शिक्षकांनी काय करून पाहिलं, काय फसलं, काय टाकून दिलं, ते फोटोत येत नाही. मग गावोगावच्या फरशा रंगल्या. कुमठ्याचा दोष नाही हा. एका ठिकाणचं वर्णन वरून खाली गेलं की त्याचा आदेश होतो, ही आपल्या खात्याची जुनी खोड आहे. शेरा काय, नमुना शाळा काय, दोन्हीकडे वर्गाचं वर्णन अधिकाराचं बोट धरूनच चालतं. म्हणून मास्तर आपल्या फसलेल्या तासाविषयी लिहीत नाही. लिहिलं तर ते कोण वाचेल, याचा त्याला अनुभव आहे.

आता पुन्हा मोरगावच्या पट्ट्याकडे. शेजारी सोमेश्वर कारखाना. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात आणि हंगाम संपला की पोरांसकट परत जातात. बालभारतीचं पुस्तक जून ते एप्रिल असं सरळ रेषेत चालतं. मध्येच येणाऱ्या आणि मध्येच जाणाऱ्या मुलापुढे बाई त्यातलं काय ठेवतात, काय सोडतात, हे राज्याच्या कुठल्याही सर्वेक्षणाला सांगता येणार नाही. ते त्या वर्गातल्या शिक्षकालाच ठाऊक आहे. तेव्हा या भागातल्या शिक्षकांना विनंती एवढीच: यंदाच्या हंगामात एक साधी वही करा, लॉगबुकापासून वेगळी. एक वर्ग, एक विषय. घडलं ते लिहा, शेरा मारू नका, आणि ज्याच्याविषयी लिहिलंय त्याला आधी वाचून दाखवा. केंद्रप्रमुखांना विनंती अशी, की त्या वहीवर सही मागू नका.