तिकडं सूर्यच मावळत नाही, मग जेवता कधी?



क्षमावाणी जवळ आली की मला लहानपणची पोस्टकार्डं आठवतात. दशलक्षण पर्व संपत आलं की बाबा कार्डांचा गठ्ठा आणायचे आणि आम्ही भावंडं ओळीनं बसून क्षमेचा मजकूर लिहायचो. सोलापूरचे मामा, बेळगावची आत्या, सगळी आपलीच माणसं. मला मात्र एखादं पत्र समुद्रापलीकडं जावं आणि तिकडून उत्तर यावं, असं फार वाटायचं.

आठवीत असताना वर्गातल्या एकीनं एक फॉर्म आणला. फिनलंडमधल्या तुर्कू शहरात इंटरनॅशनल यूथ सर्व्हिस नावाची संस्था होती. 1952 ते 2008 एवढी वर्षं तिनं जगभरच्या मुलामुलींना पत्रमित्र जोडून दिले. वय, आवडी, येणारी भाषा लिहून पाठवायची, मग एक पत्ता यायचा. माझ्या वाट्याला उत्तर फिनलंडमधली माझ्याच वयाची मुलगी आली. निळ्या एरोग्रामवर शब्दकोश घेऊन मी इंग्रजी जुळवायचे. तिचं पत्र आलं की तिकीट पाण्यात भिजवून अलगद सोडवायचे.

तिसऱ्या पत्रात मी लिहिलं की आम्ही जैन, सूर्यास्तानंतर जेवत नाही. तिचं उत्तर आलं : आमच्याकडं जूनमध्ये सूर्य मावळत नाही आणि डिसेंबरमध्ये उगवत नाही, मग तुम्ही इथं राहिलात तर जेवाल कधी?

मला वाटलं, ही आपली थट्टा करते आहे. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, विचारलंय तर सांग की. विचारणाऱ्याचा राग कशाला?" पण उत्तर मला येत नव्हतं आणि येत नाही हे कबूल करायचं नव्हतं. मी लिहिलंच नाही. तिचं आणखी एक पत्र आलं, त्यालाही नाही. मग पत्रं थांबली.

हे सगळं पुन्हा वर आलं ते लुईजी पिओ तेस्सितोरी यांच्याविषयी वाचताना. 1887 साली इटलीतल्या उदिने गावी जन्मलेला हा मुलगा भारताच्या ओढीनं संस्कृत आणि प्राकृत शिकला. फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात जुन्या राजस्थानी भाषेतली जैन हस्तलिखितं होती, त्यांवर त्यानं काम केलं. धर्मदासगणींची 'उपदेशमाला' अभ्यासली. भारत अजून डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

शंका विचारायच्या कुणाला? त्यांनी पत्र लिहिलं ते आचार्य विजयधर्मसूरींना. हे श्वेतांबर परंपरेतले आचार्य, जन्म 1868 चा, गुजरातेतल्या महुवा गावचा. काशीला त्यांनी यशोविजय जैन पाठशाळा काढली होती. आपल्या साधूंचा नियम तुम्हाला ठाऊक आहेच : वाहन नाही, सगळा विहार पायी. याच नियमामुळं आचार्य आत्मारामजींना 1893 च्या शिकागो धर्मपरिषदेचं निमंत्रण असूनही जाता आलं नाही आणि वीरचंद राघवजी गांधी गेले. पण साधू समुद्र ओलांडत नसले तरी पत्र ओलांडतं. त्या काळी युरोपची टपाल बोटीनं सुएझमार्गे मुंबईला यायची. पुढं आचार्यांचा विहार कुठवर आला असेल, तिथं ती पोचवायची. आजही महाराजांना काही कळवायचं तर आपण आधी "सध्या मुक्काम कुठं?" असंच विचारतो.

विजयधर्मसूरींना असे प्रश्न युरोपातून बरेच येत. पंचतंत्राचा अभ्यास करणारे जर्मनीचे योहानेस हर्टेल हेही त्यांच्याशी पत्रव्यवहार करत. परधर्माचा, परदेशाचा माणूस आपल्या शास्त्राबद्दल विचारतो, यात आचार्यांना अपमान वाटला नाही. त्यांनी उत्तरं दिली, ग्रंथांची मदत केली.

1914 साली तेस्सितोरी भारतात आले. एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉलसाठी त्यांनी राजस्थानातली चारणी काव्यं आणि शिलालेख गोळा करण्याचं काम घेतलं. ज्यांना आजवर फक्त पत्रं लिहिली होती, त्या आचार्यांची भेट त्याच वर्षी झाली. 1917 मध्ये तेस्सितोरींनी त्यांचं छोटं चरित्र इंग्रजीत लिहून छापलं.

1919 मध्ये आई आजारी म्हणून ते इटलीला निघाले. ते पोचण्याआधीच आई गेली. नोव्हेंबरमध्ये परतताना साथीच्या तापानं गाठलं आणि 22 तारखेला बिकानेरमध्ये त्यांचं निधन झालं. वयाची बत्तीस वर्षंही पुरी झाली नव्हती. तीन वर्षांनी, 1922 मध्ये, विजयधर्मसूरींनी शिवपुरी इथं देह ठेवला.

गोष्ट तिथं संपली नाही. हर्टेल यांच्या विद्यार्थिनी शार्लोट क्राउझे पुढं भारतात आल्या, शिवपुरीला आचार्यांच्या शिष्यांकडं शिकल्या. सुभद्रादेवी या नावानं त्या ओळखल्या गेल्या आणि 1980 साली ग्वाल्हेरला वारल्या. दिलेल्या उत्तरांनी किती माणसं जोडली गेली पाहा.

आणि मी एका मुलीच्या साध्या प्रश्नाला थट्टा समजले. तिला आपला नियम नीट समजून घ्यायचा होता. तसा प्रश्न तोवर मला घरातही कुणी विचारला नव्हता. पाळत होते, पण का ते ठाऊक नव्हतं.

आज मी तिला काय लिहीन? रात्री न जेवण्यामागं दोन गोष्टी आहेत. एक, अंधारात न दिसणारे बारीक जीव. दुसरी, जिभेला घातलेली वेळेची मर्यादा. जूनमध्ये तुझ्याकडं उजेड असतो, म्हणजे पहिली अडचण नाही. दुसरी मात्र राहते, तेव्हा घड्याळ बघून नियम घ्यायचा. डिसेंबरचं अवघड आहे. तिथं राहणाऱ्या श्रावकानं गुरूंना विचारावं आणि शक्ती असेल तेवढा नियम घ्यावा. आठवीत मला एवढं सुचलं नसतं. पण "मला माहीत नाही, विचारून कळवते" एवढं तर लिहिता आलं असतं.

जुन्या वहीत तिचा पत्ता अजून आहे. यंदा क्षमावाणीचं एक पत्र तिकडं टाकते आहे. ती तिथं राहत असेल का, देव जाणे. पत्र परत आलं तर येऊ दे.

तुमच्या मुलींना शाळेत, ऑफिसात कुणी विचारत असेल की बटाटा का नाही, रात्री का नाही, तर त्यांना चिडू देऊ नका. उत्तर येत नसेल तर दोघी मिळून शोधा.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.